लहान मुलाची दुसरी भाषा : घरातील शिकवण

माणसाला निर्माण करून त्याला बोलणे शिकविले, हा अल्लाहचा उपकार सूरह रहमानच्या आरंभीच (आयत ३ व ४) सांगितला आहे. सूरह रूममध्ये (आयत २२) आकाश आणि पृथ्वीच्या निर्मितीच्या जोडीने माणसांच्या भाषांची व वर्णांची विविधता हीदेखील अल्लाहची निशाणी म्हणून मांडली आहे. तेथे कोणत्याही एका भाषेचे नाव घेतलेले नाही. म्हणून आपल्या घरात जितक्या भाषा ऐकू येतात, तितक्यांकडे ओझे म्हणून नव्हे, देणगी म्हणून पाहण्याची सवय मुस्लिम पालकांनी लावून घ्यावयास हवी.

मराठी मुस्लिम घरांत हा प्रश्न रोजचा आहे. रत्नागिरी-रायगडकडील अनेक कुटुंबांत घरी कोकणी वळणाची मराठी बोलतात. शाळेत प्रमाण मराठी किंवा इंग्रजी असते. मकतबमध्ये मूल अरबी अक्षरे गिरविते. जुम्याचे बयान, धार्मिक पुस्तके आणि दूरच्या नातेवाइकांशी होणारे बोलणे पुष्कळदा उर्दूत असते. अशा घरातील तीन-चार वर्षांच्या मुलाला उर्दू यावी असे आईवडिलांना मनापासून वाटते. परंतु त्यांच्या मनात तीन भीती असतात. मराठीच बोलत राहिलो तर मूल उर्दूला मुकेल, उर्दू बोलू लागलो तर ते शाळेत मागे पडेल, आणि दोन्ही बोललो तर त्याचा गोंधळ उडेल. या लेखात या तिन्ही भीतींचा विचार करून, मराठी बोलणाऱ्या घरात लहान मुलाला उर्दूची गोडी कशी लावावी हे क्रमाने पाहू.

१. पहिली भाषा सोडू नका

दुसरी भाषा शिकविण्याच्या उत्साहात सर्वांत मोठी हानी होते ती पहिल्या भाषेची. ज्या आईला उर्दू बेताचीच येते, ती मुलाशी केवळ उर्दूत बोलण्याचा नेम करते तेव्हा तिचे बोलणे आपोआप आखूड होते. ‘इधर आओ’, ‘खाना खाओ’, ‘मत करो’ एवढ्यावर दिवस निघून जातो. गोष्ट सांगणे, मुलाच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणे, रुसलेल्याची समजूत घालणे या गोष्टी तिला ज्या भाषेत सहज जमत होत्या, ती भाषा तिने स्वतःच बाजूला ठेवलेली असते. अशा मुलाला उर्दू अर्धीच मिळते आणि मराठीही अर्धीच राहते.

लहान वयात मूल केवळ शब्द शिकत नाही. कारण कसे सांगावे, घडलेली गोष्ट ओळीने कशी मांडावी, मनातील दुःख कसे बोलून दाखवावे, हेही ते भाषेबरोबर शिकते. ही समज एका भाषेत पक्की झाली की दुसऱ्या भाषेत नव्याने घडवावी लागत नाही. तेथे फक्त नवे शब्द आणि नवी वाक्यरचना लागते.

धर्माची शिकवण उर्दूतूनच होते, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. प्रत्येक प्रेषित त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठविला गेला, म्हणजे त्याने त्यांना स्पष्टपणे समजावून सांगावे, असे सूरह इब्राहीममध्ये (आयत ४) आले आहे. यातून पालकांनी एवढा बोध अवश्य घ्यावा की, जी गोष्ट मुलाच्या मनात उतरावी असे वाटते ती त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितली पाहिजे. अल्लाह दयाळू आहे, खोटे बोलू नये, शेजाऱ्याला त्रास देऊ नये, हे चार वर्षांच्या कोकणी मुलाला त्याच्या दादीच्या बोलीत सांगितले तर ते अधिक खोल जाते. उर्दू त्याला जरूर द्यावी; पण मराठी काढून घेऊन नव्हे.

२. गोंधळाची भीती

दोन भाषा ऐकणारे मूल एकाच वाक्यात दोन्हींचे शब्द वापरते. ‘मला पानी चाहिए’ असे म्हणते. हे ऐकून पालक घाबरतात. भाषा अभ्यासकांच्या दृष्टीने ही सरमिसळ दोन भाषा शिकणाऱ्या मुलांत स्वाभाविक आहे. जो शब्द त्या क्षणी हाताशी येतो तो मूल उचलते. मोठी माणसेही तेच करतात. आपण बँकेतील कामाविषयी बोलताना किती इंग्रजी शब्द वापरतो, हे आठवून पाहावे. ऐकणारा माणूस कोणती भाषा बोलतो, हे मूल फार लवकर ओळखते आणि वयाबरोबर भाषा वेगवेगळ्या ठेवू लागते.

दुसरी बाब शब्दसंख्येची. दोन भाषांतील मुलाला एका भाषेतील शब्द समवयस्कांपेक्षा थोडे कमी येत आहेत असे कधी कधी दिसते. मात्र त्याचे दोन्ही भाषांतील शब्द एकत्र मोजले तर फरक बहुधा उरत नाही. म्हणून तुलना करावयाची झाल्यास दोन्ही पारडी एकत्र तोलावीत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन भाषांमुळे मुलाचे बोलणे खुंटत नाही. त्यामुळे दीड वर्षाच्या मुलाला कोणत्याच भाषेत एकही शब्द येत नसेल, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर ‘घरात दोन भाषा आहेत म्हणून उशीर होतो आहे’ असे म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि मुलाची श्रवणशक्ती तपासून घ्यावी. हा वेळ पुन्हा मिळत नाही.

३. आधी कान, मग जीभ

सूरह नह्‌लमध्ये (आयत ७८) मातेच्या उदरातून काहीही न जाणता बाहेर आलेल्या माणसाला अल्लाहने कान, डोळे व हृदय दिले, असे सांगताना कानाचा उल्लेख प्रथम आला आहे. भाषा शिकण्याचा क्रमही हाच आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाळाला अनेक भाषांतील ध्वनींचे बारीक भेद कळतात. वर्षाच्या अखेरीस ते आपल्या कानावर पडणाऱ्या भाषांच्या ध्वनींत स्थिरावू लागते. उर्दूतील काफ, खे, गैन यांचे घशातील उच्चार मराठीत नाहीत. ते लहानपणी कानावर पडले तर जिभेवर सहज बसतात.

म्हणून पहिले काही महिने मुलाकडून काही वदवून घेऊ नये. आपण बोलावे, त्याने ऐकावे. मूल उर्दू वाक्याला मराठीत उत्तर देईल, किंवा गप्प राहील. हे मौन म्हणजे अपयश नव्हे. आत साठवण चालू असते. ‘दादी को सलाम करो, उर्दू बोलके दिखाओ’ असे पाहुण्यांसमोर म्हणून मुलाला उभे करणे टाळावे. ज्या भाषेत परीक्षा द्यावी लागते, त्या भाषेपासून मूल दूर पळते.

बोलण्याच्या पद्धतीविषयी प्रेषितांच्या (स.) आचरणात पालकांसाठी उत्तम आदर्श आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित (स.) इतके सावकाश व स्पष्ट बोलत की, कोणाला शब्द मोजावयाचे असते तर मोजता आले असते. हजरत अनस (रजि.) सांगतात की, नीट समजावे म्हणून ते आपले बोल तीन वेळा उच्चारीत. सही बुखारीतील ही दोन कथने लहान मुलाशी नव्या भाषेत बोलणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावीत : सावकाश, स्पष्ट आणि पुन्हा पुन्हा.

४. भाषेला माणूस आणि वेळ नेमून द्या

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ जूल रोंजा यांनी १९१३ साली आपल्या मुलाच्या भाषाशिक्षणाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वडील मुलाशी फ्रेंचमध्येच बोलत आणि आई जर्मनमध्येच. ‘एक व्यक्ती, एक भाषा’ ही पद्धत तेव्हापासून प्रसिद्ध आहे. आपल्या घरात एखादी व्यक्ती उत्तम उर्दू बोलत असेल, मग ती नानी असो, अब्बा असोत वा लग्न होऊन आलेली चाची असो, तर तिने मुलाशी उर्दूतच बोलण्याचा नेम करावा. मूल त्या माणसाला त्या भाषेशी जोडते आणि त्याला पाहताच त्याची जीभ त्या भाषेकडे वळते.

असे कोणी घरात नसेल तर माणसाऐवजी वेळ नेमावी. मगरिबनंतरची पंधरा-वीस मिनिटे, किंवा रात्री झोपतानाची गोष्ट, एवढी वेळ उर्दूची. नेम छोटा असावा, पण मोडू नये. अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे सातत्याने केले जाते, मग ते थोडे का असेना, हा हदीसचा आशय आपणास ठाऊक आहेच. भाषेच्या बाबतीत त्याची प्रचीती फार लवकर येते. रोजच्या पंधरा मिनिटांनी जे साधते, ते रविवारच्या दोन तासांनी साधत नाही.

ज्या घरांतील वडील आखाती देशांत नोकरीला आहेत, तेथे रोजचा फोन हीच नेमलेली वेळ होऊ शकते. ‘जेवलास का, अभ्यास केलास का’ एवढ्यावर तो संपू नये. अब्बांनी आपल्या खोलीतील एक वस्तू दाखवावी, मुलाने घरातील एक दाखवावी, आणि दोघांनी तिच्याविषयी उर्दूत चार वाक्ये बोलावीत. मूल भाषा शिकेल आणि दूर असलेल्या बापाशी त्याचे नातेही रोज थोडे वाढेल.

५. मुलाच्या जगातील विषय

हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाकडे एक लहानसा पक्षी होता. त्या बालकाला अबू उमैर म्हणत आणि पक्ष्याला नुगैर. प्रेषित (स.) त्यांच्या घरी आले की, त्या मुलाला उमैर आणि नुगैर या शब्दांचे यमक साधून पक्ष्याची विचारपूस करीत. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या या प्रसंगात भाषाशिक्षणाचे तीन नियम एकत्र सापडतात. विषय मुलाच्या जिव्हाळ्याचा आहे. वाक्य अगदी लहान आहे. आणि त्याला यमकाचा नाद आहे.

आपणही तेच करावे. मुलाची मांजर, त्याची सायकल, अंगणातील कोंबडी, समुद्रावर वेचलेले शिंपले हे विषय घ्यावेत. ‘बिल्ली कहाँ गई?’, ‘बिल्ली ने दूध पिया?’ अशी दोन-दोन वाक्ये रोज बोलावीत. फळांची, रंगांची, आठवड्याच्या वारांची यमके घरीच रचावीत. ती चांगली कविता नसली तरी चालतील.

दस्तरख्वान ही दुसरी उत्तम जागा. बालवयातील उमर बिन अबू सलमा (रजि.) यांचा हात जेवताना ताटात सगळीकडे फिरत असे. प्रेषितांनी (स.) त्यांना अल्लाहचे नाव घेणे, उजव्या हाताने खाणे आणि आपल्या समोरचे खाणे, एवढ्या तीनच गोष्टी प्रेमाने सांगितल्या. जेवणाच्या वेळी तीच वाक्ये रोज येतात, वस्तू डोळ्यांसमोर असते आणि शब्द उच्चारताच त्याचा अर्थ हातात पडतो. ‘रोटी दीजिए’, ‘पानी ठंडा है’, ‘नमक कम है’ ही वाक्ये महिनाभरात कोणताही धडा न देता येऊ लागतात.

६. मराठीतून उर्दूकडे जाणारी वाट

मराठी मुलाला उर्दू ही परकी भाषा नाही. दुकान, बाजार, हवा, जमीन, कागद, रुमाल, दरवाजा, शहर, ताजा, गरम हे शब्द त्याच्या मराठीत आधीपासूनच आहेत. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. एखाद्या दिवशी घरातील अशा दोन्हीकडच्या वस्तू शोधण्याचा खेळ खेळावा. आपल्याला किती उर्दू आधीच येते, हे पाहून मुलाचा धीर वाढतो.

मात्र काही ठिकाणी मूल हमखास अडते. पालकांना ती ठिकाणे माहीत असली म्हणजे राग येत नाही.

अ) सारखे दिसणारे, पण वेगळ्या अर्थाचे शब्द : मराठीत ‘खाली’ म्हणजे तळाकडे, उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामे. मराठीत ‘आई’ म्हणजे माता, उर्दूत ‘आई’ म्हणजे ती आली. मराठीतील ‘काल’ हा फक्त गेलेला दिवस. उर्दूतील ‘कल’ गेलेलाही आणि येणाराही. मुले या गमतीवर पोट धरून हसतात आणि म्हणूनच ती विसरत नाहीत.

आ) लिंग : मराठीत तीन लिंगे, उर्दूत दोन. मराठीत चहा पुल्लिंगी, उर्दूत चाय स्त्रीलिंगी. मराठीतील पुस्तक नपुंसकलिंगी, उर्दूतील किताब स्त्रीलिंगी. ‘मेरा किताब’ म्हणणारे मूल बेफिकीर नसते. ते मराठीच्या आधाराने अंदाज बांधत असते.

इ) ‘ने’ प्रत्यय : आपण ‘मी आंबा खाल्ला’ म्हणतो, म्हणून मूल ‘मैं आम खाया’ म्हणते. ‘मैंने आम खाया’ हे शेकडो वेळा ऐकल्यावरच सुधारते.

ई) आदरार्थी बोलणे : मराठी घरात आईला ‘तू’ म्हणणे हे जवळिकीचे लक्षण आहे. उर्दूत मोठ्यांना ‘आप’ म्हणण्याची रीत आहे. ‘अम्मी, तू आ’ असे म्हणणाऱ्या मुलाला बेअदब ठरवू नये. त्याने मराठीतील प्रेम जसेच्या तसे उर्दूत आणले आहे. ‘आप आइए’ ही वाक्ये त्याच्याशी आपण स्वतःच बोलावीत. मूल जशी हाक ऐकते तशीच परत देते.

७. चूक दुरुस्त करण्याची रीत

हजरत अनस (रजि.) यांनी बालवयापासून दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली. त्या काळात एकदाही प्रेषितांच्या (स.) तोंडून त्रासिक उद्‌गार निघाला नाही, की अमुक का केलेस, तमुक का केले नाहीस, असे विचारले गेले नाही, असे ते सांगतात. नवी भाषा बोलू पाहणाऱ्या मुलापुढे ही कसोटी आपण स्वतःला लावून पाहावी.

मूल म्हणाले, ‘दादी का चाय गरम है’, तर ‘का नाही, की म्हण’ असे न तोडता म्हणावे, ‘हाँ, दादी की चाय बहुत गरम है, दूर रहिए.’ त्याचे म्हणणे स्वीकारले गेले आणि योग्य रूपही त्याच्या कानावर पडले. मुलाच्या चुकीची नक्कल करून घरातील मोठ्यांनी हसू नये. भावंडांनाही तसे करू देऊ नये. एकदा हसे झाले की, मूल ती भाषा त्या घरात पुन्हा सहसा बोलत नाही.

८. लिपी केव्हा आणि कशी?

बोलणे रुळल्यानंतरच लिपीकडे वळावे. येथे पालकांची एक अपेक्षा चुकते. मूल कुरआनचा नाजिरा वाचू लागले, म्हणजे उर्दू वाचन आपोआप येईल, असे त्यांना वाटते. अरबीची २८ अक्षरे ओळखता येणे हा मोठा आधार आहे, यात शंका नाही. उजवीकडून डावीकडे वाचणे आणि शब्दात अक्षराचा आकार बदलणे हेही मुलाला ठाऊक झालेले असते. परंतु उर्दूत पे, टे, चे, डाल, गाफ अशी अधिक अक्षरे आहेत. कुरआनात जेर, जबर, पेश छापलेले असतात. उर्दू पुस्तकांत ते बहुधा नसतात, आणि शब्द आधी माहीत असेल तरच तो वाचता येतो. उर्दूची छपाई नस्तालीक वळणाची असते आणि तिच्यात अक्षरे एकावर एक तिरकी उतरतात.

म्हणून नाजिरा अस्खलित वाचणारे मूल उर्दू पुस्तकापुढे अडखळले, तर त्याला आळशी म्हणू नये. बोलीतील शब्दांचा साठा जितका मोठा, तितके हे वाचन सोपे. घरातील डब्यांवर चीनी, नमक, चाय असे उर्दूत लिहून चिकटवावे आणि शेजारी देवनागरीत साखर, मीठ, चहा असे लिहावे. दोन्ही लिप्या मूल रोज पाहील.

त्याचबरोबर नाजिराची शिकवण आणि भाषेची शिकवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नये. तिलावत ही इबादत आहे. मुलाने पाठ केलेल्या छोट्या सूरहचा अर्थ मात्र त्याला समजेल त्या मराठीत अवश्य सांगावा.

९. मोबाइल शिकवील काय?

अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॅट्रिशिया कूल यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकविली. ज्या बाळांसमोर चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसून खेळली, ती त्या भाषेचे ध्वनी ओळखू लागली. तीच माणसे ज्यांना केवळ पडद्यावर दाखविली, त्या बाळांत तो परिणाम दिसला नाही. उर्दू कार्टून लावून मूल उर्दू शिकेल, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोरील वेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावी, आणि कमी असेल तितके उत्तम, असे सांगितले आहे. चित्रफीत दाखवावयाची तर शेजारी बसून, मध्ये थांबवून, विचारीत व सांगत दाखवावी. उत्तर देणारे माणूस हवे.

१०. ज्यांच्या घरी उर्दू किंवा दखनी आहे

मराठवाडा, सोलापूर, पुणे या भागांतील अनेक वाचकांच्या घरी दखनी वा उर्दू बोलली जाते आणि मुलाची दुसरी भाषा मराठी असते. वरील प्रत्येक सूचना त्यांनी उलट दिशेने लावावी. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकविणे अनिवार्य झाले आहे. मराठीची पहिली ओळख पुस्तकातून झाली तर ती परीक्षेचा विषय बनून राहते. शेजारच्या मुलांबरोबर खेळताना झाली तर ती सोबतीची भाषा होते. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’सारखा ग्रंथ मराठीत लिहिला. ही भाषा आपल्याही पूर्वजांच्या घरची आहे, हे मुलाला सांगावे.

वाचकहो, हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) पत्रव्यवहारासाठी यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगितले आणि ती त्यांनी सुमारे पंधरा दिवसांत आत्मसात केली, असे तिर्मिजी व अबू दाऊद यांच्या संग्रहांत आले आहे. ते तेव्हा तरुण होते, बुद्धिमान होते, आणि शिकण्याचे प्रयोजन त्यांच्यापुढे स्पष्ट होते. आपल्या चार वर्षांच्या मुलाकडून पंधरा दिवसांची अपेक्षा करू नये. त्याला काही वर्षे लागतील. पण प्रयोजन मात्र त्यालाही हवे. नानीने सांगितलेली गोष्ट समजावी, दूरच्या खालाच्या मुलांशी खेळता यावे, ईदच्या दिवशी आलेल्या पाहुण्यांना दोन गोड शब्द बोलता यावेत, एवढे प्रयोजन बालवयाला पुरेसे आहे.

आजपासून एकच वेळ ठरवा. एकच वस्तू घ्या. तिच्याविषयी मुलाशी सावकाश चार वाक्ये बोला आणि त्याने ज्या भाषेत उत्तर दिले, त्या भाषेतले उत्तर आनंदाने ऐका. अल्लाह आपल्या मुलांच्या जिभेवर सत्य व गोड वाणी ठेवो, त्यांना ज्ञान वाढविण्याची ओढ देवो, आणि आपणा पालकांना संयम देवो. आमीन.